मोहिनीनं खाल्लेला कोपरा

माझ्या मरणाला एकतीस माणसं आली होती. त्यातली सतरा एकाच काळी-पिवळी जीपमधून पवनारहून आली, ती मी स्वतः मोजली. स्वतःच्या मयतीची गर्दी स्वतः मोजण्याचं भाग्य हिंगणघाट तालुक्यात अजून दुसऱ्या कोणाला लाभलेलं नाही. आमच्या गल्लीत असं म्हणतात की बबनराव जे सांगतील त्यातलं अर्धं सोडून द्यावं आणि उरलेल्याची खात्री करून घ्यावी. जिनिंगमध्ये छत्तीस वर्षं मी कापसाच्या गाड्यांची नोंद केली. गाड्यांची रांग लांब, शेतकरी कंटाळलेला, मग गाडीगणिक एक गोष्ट सांगायची सवय लागली, त्याला मी काय करू? पण ही गोष्ट मी सरकीच्या दाण्याइतकीही भेसळ न करता सांगतो आहे. उन्हाळ्यातल्या मुंग्यांचं तेवढं थोडं इकडंतिकडं झालं असेल.

सुरुवात झाली ती एका चकलीपासून.

माझी थोरली बहीण कोकिळाताई पवनारला दिलेली. तिच्या सुनेच्या डोहाळजेवणात, नव्या सोयऱ्यांच्या भरल्या पंगतीत, मला जरा जास्तच हुरूप आला. मी सांगितलं, की ताईनं पाठवलेली एक चकली एकदा वेणा नदीच्या पुलावर पिशवीतून खाली पडली आणि तिच्यावरून जाऊन सोळा चाकी ट्रकचं टायर फुटलं. पंगत हसली. एका पाहुण्याच्या नाकातून मठ्ठा आला. ताई मात्र हसली नाही. हातातली पळी खाली ठेवून ती म्हणाली, "बबन्या, आजपासून तुह्या घरचं पाणी बी माह्या घशाखाली उतरणार नाई."

आणि ताई शब्दाची पक्की. तीन भाऊबिजा कोरड्या गेल्या. फोन केला तर उचलायची नाही, भेटायला गेलो तर मागच्या दारानं शेतात निघून जायची. अडुसष्टाव्या वर्षी पाटावर बसून कोणीतरी ओवाळावं असं वाटतं, हे मी कोणाला बोललो नव्हतो. तुम्हीही कुठं बोलू नका.

यंदा पाडव्याला, कडुनिंबाची चटणी तोंडात असतानाच, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! ताई फोन तोडते, पण पत्र कधी टाकत नाही. आमच्या वडिलांची पन्नास वर्षांपूर्वीची पत्रं तिनं शेवयांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. तर मग पत्रच! आणि तेही साधं नाही. आपल्या हातानं जलरंगात रंगवलेलं शुभेच्छापत्र, प्रत्येक ऋतूचं एक. चैत्राचं, पोळ्याचं, दसऱ्याचं, आणि शेवटचं भाऊबिजेचं. चार कार्डांत दगडालाही पाझर फुटेल, ताई तर माझीच बहीण.

"तुमाले मांजर तरी काढता येते काय?" आमच्या मंडळींनी, म्हणजे मनकर्णानं, विचारलं.

"मांजर कोणाला पाठवायचंय?" मी म्हणालो आणि त्याच दिवशी वर्ध्याला जाऊन हातकागदाचे दोन गठ्ठे घेऊन आलो. हातकागद सुती चिंध्यांपासून करतात. म्हणजे शेवटी कापूसच. उभा जन्म कापसात गेलेल्या माणसाशी तो कागद दगाबाजी करणार नाही अशी माझी समजूत होती.

शेजारी सदाशिवराव राहतात, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. कागद पाहून त्यांचे डोळे पाणावले. बारा वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे साठलेला सगळा सल्ला त्यांनी पहिल्याच संध्याकाळी माझ्यावर ओतला.

"बबनराव, एक ध्यानात ठेवजा. जलरंगात पांढरा रंग नसते. पांढरं म्हणजे सोडलेला कागद."

"म्हणजे अजिबात रंगवलं नाही तर चित्र सगळ्यात उजळ?"

"तुमच्या बाबतीत तसंच होईन जी," ते गंभीरपणे म्हणाले.

पलीकडच्या घरातला गुलाब त्याच्या शेळीला पाला घालता घालता ऐकत होता. या शेळीचं नाव मोहिनी. "काकाजी, काऊन येवढी मेहनत करून राह्यले? मोबाईलवर फुकट भेटते ना कार्ड. त्यात दिवा बी पेटते, घंटी बी वाजते." मी त्याच्याकडं कलावंतानं बघावं तसं पाहिलं. मोहिनीनं माझ्या गठ्ठ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

चैत्राच्या कार्डावर मी पळस काढायचं ठरवलं. आमच्याकडं त्या दिवसांत पळस असा फुलतो की जंगल पेटलं म्हणून माणसानं बादली घेऊन धावावं. पण माझ्या शाळकरी डबीतला केशरी रंग पळसापुढं आजारी दिसायचा. मग मी देवघरातून हळद आणि कुंकू आणलं. सदाशिवराव म्हणाले की पूड कागदाला धरायला डिंक हवा. डिंक नव्हता, गूळ होता. गुळाच्या पाण्यात हळद-कुंकू कालवून मी असा पळस रंगवला की मलाच ऊब लागायला लागली. त्यात बाहेर पारा शेहेचाळीसवर. ब्रश वाटीतून कागदापर्यंत पोचेस्तोवर वाळून काटकी व्हायचा. शेवटी मी कागद पुढं ओढून वाटीच्या काठाशी टेकवला आणि रंगाला प्रवासच करू दिला नाही.

चित्र ओट्यावर वाळत ठेवून मी एक डुलकी काढली. उठलो तर कार्डावर उघडी फांदी. खाली पाहतो तर काळ्या मुंग्यांची रांग, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पळसाची एकेक पाकळी. त्यांनी पूर्ण झाड बिऱ्हाडासकट भिंतीच्या फटीत नेलं. पुढं आठ दिवस ती फट केशरी दिसत होती. मनकर्णाला विचारा. नाहीतर नकाच विचारू.

पोळ्याच्या कार्डाची वेगळीच तऱ्हा झाली. उन्हाळ्यात रंग ओला राहत नव्हता, पावसाळ्यात वाळत नव्हता. शुक्रवारी बैल काढला. ऐटबाज, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. सोमवारी पाहिलं तर उजवं शिंग ओघळून शेपटीला मिळालेलं. मी कार्ड दोरीवर चिमट्यानं लटकवलं, तर बैल थेंबाथेंबानं खाली उतरला आणि मनकर्णाच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर येऊन बसला. कार्डावर राहिला त्याच्या पायाशी बुरशीची हिरवळ उगवली. निदान बैलाच्या चाऱ्याची सोय झाली, असं मी म्हणालो. घरात कोणी हसलं नाही.

"खळ लावा कागदाले," सदाशिवरावांनी उपाय सांगितला. "तांदळाच्या पेजेची पातळ खळ. मंग रंग फुटत नाई, वर बसते." मी सगळ्या कागदांना दोन्ही बाजूंनी खळ लावली. कागद कसा कडक, पापडासारखा झाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

तेवढ्यात महालक्ष्म्या आल्या. जेवायला सात सवाष्णी. जेवणं झाली, मनकर्णानं हळदीकुंकवाला करंडा उघडला तर आत माझ्या बोटांचे ठसे सोडून काही नाही. सात बाया कपाळ पुढं करून बसल्यात आणि यजमानीण करंड्याच्या तळाशी नखानं खरवडते आहे! बाया गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "पळस काढला ना तुम्ही? आता माह्याकडून लाल रंगाचा ठिपका बी भेटणार नाई." करंडा कपाटात गेला, किल्ली कमरेला. मी डबीतला लाल वापरून दसरा साजरा केला: आपट्याची फांदी, वर मावळतीचा लालभडक सूर्य. लालची वडी तिथंच संपली.

दसऱ्याचं कार्ड पोस्टात न्यायला मी नवा सदरा घातला. खिडकीवर अंकित नावाचा गुणी मुलगा बसतो.

"काकाजी, घेणाऱ्याचा मोबाईल नंबर?"

"घेणारी फोन उचलत नाही, म्हणून तर कार्ड."

"उचलाले नाई लागत. नंबर पायजे फक्त. नाईतं कंप्युटर समोर जात नाई."

नंबर दिला. मग कार्ड ताटाएवढं आहे म्हणाला. मग त्याला लिफाफा हवा म्हणाला. एवढा मोठा लिफाफा मिळेना, म्हणून मी मनकर्णाच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लिफाफा केला आणि उत्साहाच्या भरात त्यावर पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या वळणदार अक्षरात, कमानीसारखं रंगवलं. ताईचं नाव खाली कोपऱ्यात बसवलं. चौथ्या दिवशी दार वाजलं. माझ्याच सहीचं कार्ड मला दसऱ्याच्या शुभेच्छा देत दारात उभं. चूक पोस्टाची नाही, माझ्या कमानीची होती, हे मी आजही मान्य करतो. मनकर्णा म्हणाली, "कोणी तं पाठवलं तुमाले."

हसण्यासारखं होतं, पण मी हसलो नाही. तीन कार्डं गेली आणि ताईच्या हाती कागदाचा तुकडाही पोचला नव्हता. उरलं एकच. भाऊबीज दहा दिवसांवर आलेली. हे चुकलं तर चौथं वर्ष कोरडं, आणि ताई आता एकाहत्तरची. अशी किती वर्षं हाताशी धरायची?

त्या कार्डात मी जीव ओतला. पवनारची धाम नदी काढली. लहानपणी दिवाळीला ताईला माहेरी आणायला मी बैलगाडीतून जायचो, तेव्हा गाडी अलीकडं सोडून नदीच्या पाण्यातून पलीकडं चालत जायचो आणि ताई त्या काठावर पिशवी घेऊन उभी असायची. तेच काढलं. डबीत आता निळा आणि काळा एवढेच दोन रंग शिल्लक होते, म्हणून सगळं राखाडी झालं. राखाडी पाणी, राखाडी आभाळ, पाठमोरा एक माणूस नदी ओलांडून पलीकडं निघालेला. सदाशिवराव बराच वेळ पाहत राहिले. "बबनराव, हे पैलं चित्र हाय तुमचं, ज्यात काय काढलं ते समजते."

मजकूर मी लिहिला असता तर माझं अक्षर पाहूनच ताईनं कार्ड उलटं ठेवलं असतं. म्हणून मागच्या बाजूला मनकर्णाकडून लिहून घेतलं. तिला फराळाची घाई. हात पुसत तिनं लिहिलं: "ताई, आता राग धरून काय उपयोग? असाल तशा निघून या. तुमची मनकर्णा." पत्ताही तिच्याच हातचा.

मी तिकीट आणायला घरात गेलो. बाहेर आलो तर मोहिनी ओट्यावर उभी. कार्डाचा वरचा उजवा कोपरा तिच्या तोंडात आणि डोळे समाधानानं मिटलेले. पेजेची खळ, सुती कागद, वर गुळाच्या ब्रशची चव. तिच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो. कार्ड ओढून घेतलं. नवं काढायला दिवस नव्हते, लालही नव्हता. मग खाल्लेली कड ओबडधोबड दिसू नये म्हणून मी तो कोपरा बोटांनी नीट, तिरका फाडून सारखा केला. उलट जास्तच कलात्मक दिसायला लागला! लिफाफ्याच्या भानगडीत न पडता तिकीट लावून तसंच उघडं कार्ड घडी घालून पेटीत टाकलं.

आता इथं जुन्या माणसांनी कपाळाला हात लावला असेल. मीही नंतर लावला. आपल्याकडं शुभ पत्राला हळद-कुंकवाचं बोट लागतं, आणि ज्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो ते पत्र मयतीचं असतं, हे मला जन्मापासून माहीत. माझे वडील असं कार्ड उंबऱ्याच्या आत आणू द्यायचे नाहीत, बाहेरच वाचून फाडायचे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त कला होती.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी ते कार्ड पवनारला पोचलं. कोपरा फाटका. कुंकू नाही. अक्षर मनकर्णाचं. चित्रात बबन पाठ फिरवून पैलतीराला निघालेला.

त्यांनी फोन केले म्हणे. माझा फोन तीन दिवसांपूर्वी रंगाच्या पाण्यात पडल्यामुळे तांदळाच्या डब्यात विश्रांती घेत होता. मनकर्णाचा वाजत होता, पण हात बेसनात, त्यात नंबर अनोळखी. "बँकवाले हायेत मेले, सणाले बी सोडत नाईत," म्हणून तिनं तो गादीखाली दाबला. दुपारी ती दाराला कुलूप लावून चकलीचा सोऱ्या मागायला पलीकडच्या गल्लीत गेली. मी सदाशिवरावांकडं त्यांच्या जुन्या पेटीत लाल रंग सापडतो का ते बघायला. कार्ड गेलं होतं खरं, पण ओवाळणीच्या पाकिटावर निदान एक लाल फूल काढावं असा विचार होता.

परत येतो तर आमच्या ओट्यासमोर गर्दी. बाया रडतात, पुरुष रुमाल घेऊन उभे. गुलाबची आजी आठवडाभर अंथरुणावर होती. मला वाटलं, गेली बिचारी. धुळीसाठी दुपट्टा तोंडाला बांधलेलाच होता. मी मान खाली घालून गर्दीच्या मागं उभा राहिलो आणि शेजारच्या गृहस्थाला हळूच विचारलं, "केव्हा झालं जी?"

"काल असंन. कार्ड आलं."

कार्डानं? गुलाबची आजी तर या भिंतीपलीकडं. "कोण पण?"

"बबनराव. जिनिंगवाले."

मी दुपट्टा नाकावर आणखी वर ओढला. "माणूस कसा होता?" मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

"बरा होता म्हणते. पण बोलण्यावर भरवसा नव्हता. सत्तर-पंच्याहत्तरचा असंन."

"अडुसष्ट!" मी दुपट्ट्यातून फुत्कारलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मयतीत एवढं काय वयाचं, अशा नजरेनं.

पुढं गुलाब साश्रू नयनांनी साक्ष देत होता. "सकाळी तं चांगले दिसले जी मले! मंग कुलूप पाह्यलं, मंतलं नेलं असंन लवकर." आणि त्याच्या पुढं, ओट्याच्या पायरीवर, माझी कोकिळाताई. डोक्यावरचा पदर सुटलेला, मांडीवर माझं कार्ड. रडून रडून तिचा घसा बसला होता. गुलाबनं तांब्याभर पाणी दिलं, ती घटाघटा प्यायली आणि परत टाहो फोडला, "बबन्या रे! टायर फुटलं होतं रे! फुटलंच होतं! मीच खोटं मंतलं तुले! पुलावर सोळा चाकी ट्रक उभा झाल्ता रे माह्या चकलीनं!"

तीन वर्षं मी ज्या शब्दाला तरसलो तो ती माझ्या मरणावर वाहत होती. मला गप्प राहायला हवं होतं. पण जन्माची खोड.

"अठरा चाकी होता ताई," माझ्या तोंडून गेलं.

"सोळा!" ताई न वळता रडत रडत म्हणाली. "तूच तं सोळा सांगे..."

आणि ती थांबली. सगळे थांबले. मी दुपट्टा सोडला. गुलाबनं तांब्या टाकला आणि दोन पायऱ्या वर पळाला. ताई उठली, माझ्याजवळ आली, माझा गाल चिमटीत धरून पिळला.

"मेला नाईस तू?"

"नाही ताई."

"खरं सांग!"

"खरंच नाही."

"तुह्यावर कोण भरवसा ठेवन? सदाशिवराव, तुमी सांगा. जित्ता हाय काय हा?"

सदाशिवराव मागून आले होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं. "दिसते तं जित्ता."

मग सुरू झाला कार्डाचा पाऊस, म्हणजे ते कार्ड माझ्या डोक्यावर पडू लागलं. "मंग काऊन कोपरा फाडला? काऊन? सतरा माणसं भरून आणली म्या! जिवाचं पाणी झालं!"

"शेळीनं खाल्ला ताई. देवाशपथ!"

"पाहा! मेल्यावर बी थापा मारून राह्यला!"

उभ्या आयुष्यातलं माझं एकमेव निखळ सत्य, आणि त्याला एकतीसांपैकी एकही साक्षीदार नाही. गुलाबही म्हणाला, "माही मोहिनी कागद खात नाई जी, घरंदाज हाय." तेव्हा मी ताईच्या हातातून कार्ड घेतलं आणि काही न बोलता मोहिनीसमोर धरलं. तिनं आधी दुसरा कोपरा खाल्ला. मग नदी खाल्ली. मग तो पाठमोरा माणूस. शेवटी मनकर्णाच्या अक्षरासकट तिकीट गिळून तिनं माझ्याकडं, अजून आहे का, अशा नजरेनं पाहिलं.

कोणीतरी खुदकन हसलं. मग ती सतरा माणसं पोट धरून हसायला लागली. ताईनं ओठ घट्ट दाबले होते. डोळे पुसून तिनं पदर सावरला. "चाला, गाडी काढा," ती म्हणाली. "जित्ता हाय तं माहं इथं काय काम? याच्या घरचं पाणी न पेण्याचं बोललेली हाय मी."

एवढ्यात मनकर्णा सोऱ्या घेऊन गर्दीतून पुढं आली. काय झालं हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं पायरीवरचा तांब्या पाहिला, ओट्याच्या कोपऱ्यातल्या रांजणाचं सरकलेलं झाकण पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "तांब्या आमचा हाय. रांजण बी आमचा."

ताईनं रांजणाकडं पाहिलं. मग तांब्याकडं. गुलाब म्हणाला, "म्या याच्यातलंच देल्लं जी, समोरच होतं." जीपवाल्यानं भोंगा वाजवला, त्याला कोणीतरी गप्प केलं.

"गेलं ना आता घशाखाली," ताई म्हणाली आणि पायरीवर मटकन बसली. "तं मंग चहा बी टाक वो मनकर्णा. साखर जास्त. रडून रडून तोंड खारट झालं. अन् तो सोऱ्या इकडं दे, तुह्या चकल्या नरम होतात."

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो. कमरेची किल्ली निघाली, कपाटातला करंडा निघाला, आणि ताईनं माझ्या कपाळाला एवढं कुंकू लावलं की त्यात दोन पळस झाले असते.

संक्रांतीला पवनारहून एक पाकीट आलं. आत वहीच्या पुठ्ठ्याचं कार्ड. चारही कोपरे शाबूत, चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं. मध्ये, नातवाच्या रंगानं, ताईच्या हातचं चित्र: एक पूल, पुलावर एक ट्रक उजव्या अंगाला कललेला, आणि चाकाखाली, एक काटाही न मोडलेली चकली. मी चाकं मोजली. अठरा होती.